कालवा की कर्जरोखे? इजिप्तचा ताबा, १८८२

युरोपीय साम्राज्यवादाची कारणे लिहा, असा प्रश्न आला की आपल्याकडचा विद्यार्थी यादी लिहितो: आर्थिक, राजकीय, लष्करी, धार्मिक आणि शेवटी ‘गोऱ्या माणसाचे ओझे’. प्रत्येक मुद्द्याला चार ओळी, गुण पदरात. या यादीतला एकही मुद्दा दुसऱ्याशी भांडत नाही. इतिहासकार मात्र सव्वाशे वर्षे भांडत आले आहेत. कोणते कारण आधीचे, कोणते नंतर चिकटवलेले, आणि कोणते कारण इतरांना मागून ढकलत होते, यावर ते भांडतात. हे भांडण समजून घ्यायचे तर एखाद्या प्रकरणात उतरावे लागते.

इथे निवडलेले प्रकरण म्हणजे १८८२ साली ब्रिटनने इजिप्तचा घेतलेला ताबा. साम्राज्य सावकारांसाठी उभे राहिले असे म्हणणारे इजिप्तकडे बोट दाखवतात. साम्राज्य नाइलाजाने, सुरक्षेच्या काळजीपोटी गळ्यात पडले असे म्हणणारेही इजिप्तकडेच बोट दाखवतात. शिवाय ताबा घेणारा पंतप्रधान साम्राज्यविरोधी म्हणून निवडून आलेला होता. इतके अडचणीचे प्रकरण दुसरे शोधून सापडणार नाही.

पार्श्वभूमी

इजिप्त हा नावाला ऑटोमन सुलतानाचा प्रांत. प्रत्यक्षात मुहम्मद अलीच्या घराण्याचे राज्य. १८६३ साली इस्माइल गादीवर आला तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळत नव्हता. त्याच कापसाने मुंबईत शेअर बाजाराची ती प्रसिद्ध धुंदी चढवली आणि १८६५ मध्ये उतरवली. इजिप्तमध्येही पैसा तसाच आला. तो ओसरल्यावर इस्माइलने कर्ज काढणे चालू ठेवले. रेल्वे, पाटबंधारे, बंदरे, तारायंत्र, शाळा, कैरोचे नवे रस्ते, आणि १८६९ च्या नोव्हेंबरात सुएझ कालव्याच्या उद्घाटनाचा थाट. त्याच्या उधळपट्टीच्या कथा पुढे इंग्रज अधिकाऱ्यांनी चवीने सांगितल्या. पण ते रोखे दर्शनी किमतीच्या बरेच खाली विकले जात, दलाल आपला हिस्सा आधीच कापून घेत, आणि व्याज मात्र पूर्ण रकमेवर चढे. १८६३ मध्ये परदेशी कर्ज तीस लाख पौंडांच्या आसपास होते. १८७६ पर्यंत एकूण कर्ज नऊ कोटींच्या पुढे गेले.

१८७५ मध्ये पैशाची तंगी इतकी झाली की इस्माइलने कालवा कंपनीतले आपले १,७६,६०२ शेअर विकायला काढले. ब्रिटनचे पंतप्रधान डिझरायली यांनी रॉथ्सचाइल्ड पेढीकडून पैसे उचलून चाळीस लाख पौंडांना थोडे कमी देत ते ब्रिटिश सरकारसाठी घेतले. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये इजिप्तने हप्ते थांबवले. मे महिन्यात धनकोंच्या वतीने कर्जवसुलीची एक आंतरराष्ट्रीय संस्था बसली, ‘केस द ला देत’ हे तिचे नाव. आणि वर्षअखेरीस एक इंग्रज व एक फ्रेंच नियंत्रक देशाच्या हिशेबांवर आले.

इथून पुढचा भाग मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. १८७७ साली नाईलला पूर आलाच नाही म्हणावा इतका कमी आला. आपल्याकडे दख्खनचा १८७६–७८ चा दुष्काळ पडला होता, तेच हे वर्ष. वरच्या इजिप्तमध्ये माणसे उपाशी मरत असताना मे १८७८ चा व्याजाचा हप्ता पूर्ण भरला गेला. त्यासाठी शेतकऱ्यांकडून उभ्या पिकावर, कापणीआधीच वसुली झाली. मग मंत्रिमंडळात एक इंग्रज अर्थमंत्री आणि एक फ्रेंच बांधकाममंत्री आले. काटकसर म्हणून सुमारे अडीच हजार लष्करी अधिकाऱ्यांना अर्ध्या पगारावर बसवले. इस्माइलने हे युरोपीय मंत्री काढून टाकले, तेव्हा १८७९ च्या जूनमध्ये युरोपीय सत्तांच्या दबावाखाली सुलतानाने त्यालाच पदच्युत केले आणि मुलगा तौफीक खेदीव, म्हणजे इजिप्तचा राज्यकर्ता, झाला. १८८० च्या कर्जफेड कायद्याने महसुलाचा जवळजवळ निम्मा भाग धनकोंसाठी बांधून टाकला.

दोन नियंत्रकांपैकी इंग्रज नियंत्रक होते ऑकलंड कॉल्विन, हिंदुस्थानच्या सनदी सेवेतून आलेले. १८७५ मध्ये पुणे-नगर भागात कुणब्यांनी सावकारांच्या वह्या जाळल्या, त्याची चौकशी करणाऱ्या समितीत हेच कॉल्विन होते. कर्जबाजारी शेतकरी काय करू शकतो हे त्यांनी जवळून पाहिले होते. कैरोत मात्र त्यांची खुर्ची धनकोच्या बाजूला मांडलेली होती.

पेच

इजिप्तच्या सैन्यात वरच्या जागा तुर्की-सर्केशियन घराण्यांच्या. अरबी बोलणारे, शेतकरी कुळांतले अधिकारी कर्नलच्या हुद्द्यावर अडकत. त्यांच्यातला एक अहमद उराबी. ९ सप्टेंबर १८८१ रोजी त्याच्या पलटणी कैरोच्या अब्दीन चौकात राजवाड्यासमोर उभ्या राहिल्या. मागण्या तीन: मंत्रिमंडळ बदला, प्रतिनिधी सभा बोलवा, सैन्य वाढवा. तौफीक नमला. शरीफ पाशांचे मंत्रिमंडळ आले आणि डिसेंबरात सभा भरली. सभेत बसले होते ते जमीनदार, गावचे प्रमुख आणि व्यापारी. माथेफिरू शिपाई नव्हेत.

सभेने मागितले काय, हे नीट पाहायला हवे, कारण पुढचा सगळा वाद या एका मागणीवर टांगलेला आहे. कर्जाला बांधलेला महसूल आणि सुलतानाची खंडणी यांना हात लावायचा नाही, हे सभेने स्वतःहून मान्य केले. उरलेल्या निम्म्या अंदाजपत्रकावर मत देण्याचा हक्क तिला हवा होता. नियंत्रकांनी नकार दिला. उरलेल्या खर्चावरचा ताबा गेला तर आज ना उद्या हप्तेही धोक्यात येतील, असा त्यांचा हिशेब. ही चर्चा चालू असतानाच ८ जानेवारी १८८२ ला ब्रिटन आणि फ्रान्सने एक संयुक्त पत्र कैरोला दिले: आम्ही खेदीवाच्या पाठीशी आहोत. पुढाकार फ्रान्सचे पंतप्रधान गँबेटा यांचा. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ग्रॅनव्हिल यांनी सही केली ती हातचे राखून. कैरोत अर्थ एकच लागला: ट्युनिसनंतर आता आपली पाळी. फ्रान्सने ट्युनिस घेऊन वर्षही झाले नव्हते. मवाळ आणि लष्करी गट एक झाले, शरीफ गेले, महमूद सामी अल-बारूदी पंतप्रधान झाले आणि उराबी युद्धमंत्री. महिना संपायच्या आत खुद्द गँबेटा सत्तेबाहेर होते. पत्राचे ओझे मात्र लंडनच्या खांद्यावर राहिले.

लंडनपुढचे पर्याय

ग्लॅडस्टन १८८० मध्ये डिझरायलींच्या साम्राज्यवादी धोरणावर कोरडे ओढत निवडून आले होते. १८७७ मध्ये त्यांनी लेख लिहून बजावले होते की इजिप्तमध्ये आपण एकदा पाय ठेवला की ते उत्तर आफ्रिकेतल्या साम्राज्याचे अंडे ठरेल. आता तेच पंतप्रधान. त्यांच्यापुढे काय काय होते?

पहिला पर्याय सुलतानाचे सैन्य पाठवण्याचा. कायद्याने तोच धनी, आणि ग्लॅडस्टन यांनाही हाच मार्ग बरा वाटत होता. फ्रान्सला तो नको होता. ट्युनिस-अल्जिरियाच्या शेजारी सुलतानाचा दरारा वाढणे पॅरिसला परवडणारे नव्हते. सुलतान अब्दुल हमीदही मुसलमान प्रजेवर युरोपच्या वतीने सैन्य धाडायला तयार होईना. दुसरा पर्याय फ्रान्ससह संयुक्त कारवाईचा. पॅरिसमधली सरकारे इतक्या वेगाने बदलत होती की कोणाशी बोलायचे हाच प्रश्न. तिसरा, सगळ्या युरोपीय सत्तांची परिषद. ती जूनअखेर कॉन्स्टँटिनोपलला भरलीही, आणि नुसती बोलत राहिली.

चौथा पर्याय फक्त कालवा राखण्याचा: दोन्ही टोकांना युद्धनौका आणि गरज पडल्यास काठावर एक तुकडी. कालव्यातून जाणाऱ्या मालवाहतुकीपैकी सुमारे चार पंचमांश ब्रिटिश जहाजांची होती, हिंदुस्थानची वाट तीच. भीती खरोखर कालव्याची असेल तर हा उपाय पुरेसा आणि स्वस्त होता. मंत्रिमंडळ त्यावर थांबले नाही, आणि कारणांचा शोध घेणाऱ्याने इथे थबकायला हवे. जुलैअखेर संसदेपुढे खर्चाची मागणी मांडताना ग्लॅडस्टन यांनी स्वतःच सांगितले की कालव्याची असुरक्षितता हे लक्षण, मूळ आजार इजिप्तच्या अंतर्भागातल्या अराजकात आहे.

पाचवा पर्याय म्हणजे कैरोतल्या सरकारशी वाटाघाट. कवी आणि अरबी जगात फिरलेले विल्फ्रिड ब्लंट हा आग्रह धरून होते. ग्लॅडस्टन यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहारही होता. हा पर्याय मंत्रिमंडळात गंभीरपणे तोललाच गेला नाही. त्यामागे कैरोहून येणाऱ्या तारा होत्या. महावाणिज्यदूत एडवर्ड मॅलेट आणि कॉल्विन यांनी सुरुवातीला उराबीच्या बाजूच्या राष्ट्रीय पक्षाबद्दल बरे लिहिले होते. अंदाजपत्रकाचा प्रश्न आल्यावर सूर बदलला आणि तारांमध्ये ‘अराजक’ हा शब्द वारंवार येऊ लागला.

काय केले गेले

मे महिन्यात ब्रिटिश आणि फ्रेंच आरमार अलेक्झांड्रियासमोर आले. हेतू धाक घालण्याचा. उतरवायला सैन्य नव्हते. धाक बसला नाही, चीड मात्र वाढली. ११ जूनला शहरात दंगल झाली. सुमारे पन्नास युरोपीय मारले गेले आणि इजिप्शियनही बरेच. लंडनच्या वृत्तपत्रांना हवी होती ती प्रतिमा मिळाली, जरी ही दंगल उराबीने घडवली याला पुरावा मिळाला नाही.

या वेळी ब्रिटिश राजकारणाचे लक्ष मुळात आयर्लंडकडे होते. ६ मेला डब्लिनच्या फिनिक्स पार्कमध्ये आयर्लंडचे नवे मुख्य सचिव लॉर्ड फ्रेडरिक कॅव्हेंडिश यांचा खून झाला. ते हिंदुस्थानमंत्री हार्टिंग्टन यांचे सख्खे भाऊ, ग्लॅडस्टन यांच्या पत्नीच्या भाचीचे पती. आयर्लंडमध्ये सरकार नरम पडले, अशी ओरड होती. परराष्ट्र खात्याचे उपमंत्री चार्ल्स डिल्क यांनी त्या काळात खासगीत नोंदवून ठेवले की आपल्याच पक्षाचे खासदार कुणाला तरी मारायला उतावीळ झाले आहेत, कुणाला ते त्यांनाही ठाऊक नाही. मंत्रिमंडळात हार्टिंग्टन आणि आरमारमंत्री नॉर्थब्रुक कारवाईसाठी जोर लावत होते. नॉर्थब्रुक माजी व्हाइसरॉय. हिंदुस्थानच्या काळजीने विचार करणारी ही जोडी पुढच्या इतिहासलेखनात वारंवार भेटते.

जुलैच्या सुरुवातीला आरमारप्रमुख सीमूर यांना हुकूम गेला: किनाऱ्यावरच्या तटबंदीचे काम थांबले नाही तर ती उडवा. आपले आरमार दुसऱ्याच्या बंदरात नेऊन उभे करायचे आणि मग तिथल्या तोफा आपल्याला धोकादायक आहेत म्हणायचे, ही तक्रार त्या काळीही अनेकांना चमत्कारिक वाटली. फ्रेंच नौका निघून गेल्या. ११ जुलैला बाँबवर्षाव झाला, शहराला आगी लागल्या आणि सीमूर यांच्याकडे बंदोबस्तासाठी पुरेशी माणसे नव्हती. जॉन ब्राइट यांनी मंत्रिपदाचा राजीनामा दिला. तो एकटाच राजीनामा. संसदेने २३ लाख पौंड मंजूर केले. दोनच दिवसांनी फ्रेंच सभागृहाने कालव्याच्या रक्षणापुरताही पैसा नाकारला आणि तिथले सरकार पडले. ब्रिटन एकटे उरले.

जनरल वुल्सली यांनी अलेक्झांड्रियातून पुढे जाण्याचा देखावा केला आणि ऑगस्टमध्ये कालव्यातूनच इस्माइलिया गाठले. उराबीने कालवा बुजवला नव्हता. कालवा खोदवणारे फ्रेंच लेसेप्स यांनी तो तटस्थ राहील अशी खात्री दिली होती. मुख्यतः मुंबईतून निघालेली हिंदी फौजही सुएझच्या बाजूने आली. बंगालचे घोडेस्वार, मद्रासचे सॅपर आणि बॉम्बे आर्मीची २९ वी बलुच पलटण तिच्यात होती. १३ सप्टेंबरच्या पहाटे तेल-अल-केबीरला तासाभरात निकाल लागला. ब्रिटिश बाजूचे साठाच्या आत शिपाई पडले, इजिप्शियन मृतांचा आकडा दोन हजारांच्या घरात सांगितला जातो. दुसऱ्या दिवशी घोडदळ कैरोत होते.

परिणाम

उराबीला फाशीची शिक्षा सुनावून ती हद्दपारीत बदलली. तो सिलोनला गेला आणि १९०१ पर्यंत तिथेच राहिला. ब्रिटिश सरकारने लवकरच परत जातो असे सांगितले, आणि पुढे कितीतरी वेळा सांगत राहिले. १८८३ मध्ये एव्हलिन बेअरिंग, म्हणजेच पुढचे लॉर्ड क्रोमर, कलकत्त्याचे अर्थखाते सोडून कैरोला आले आणि चोवीस वर्षे राहिले. शेवटचा ब्रिटिश सैनिक गेला १९५६ च्या जूनमध्ये.

हिंदी फौजेच्या खर्चाचे काय झाले, हेही इथेच सांगतो. रिपन यांच्या भारत सरकारने विरोध केला, पण कालवा हिंदुस्थानच्या हिताचा या युक्तिवादाने बराच बोजा हिंदुस्थानच्या तिजोरीवर पडला. म्हणजे कालव्याचे कारण नुसते स्पष्टीकरण नव्हते. त्याच्या जोरावर बिल कोणाच्या नावे फाडायचे तेही ठरले.

मग कारण कोणते?

पहिली दोन उत्तरे घटनेतल्या माणसांनीच दिली. ब्लंट यांनी १९०७ मध्ये आपली हकीकत छापली: रोखेधारक आणि त्यांच्या सोयीचे अधिकारी यांनी एक घटनात्मक चळवळ चिरडली. क्रोमर यांनी १९०८ मध्ये दोन खंडांत उलट बाजू मांडली: लष्करी बंड, कोसळती व्यवस्था, नाइलाजाने हस्तक्षेप. पुढची सगळी शास्त्रीय चर्चा या दोघांच्या भांडणाची सुधारून वाढवलेली आवृत्ती आहे, असे मला वाटते.

त्याआधी १९०२ मध्ये जे. ए. हॉब्सन यांनी सिद्धान्त मांडला होता. देशात संपत्तीची वाटणी विषम, त्यामुळे खप कमी. शिल्लक भांडवल बाहेर गुंतवणूक शोधते. आणि गुंतवणूकदार आपल्या पैशाच्या रक्षणासाठी राष्ट्राचे सैन्य वापरून घेतो. हे पुस्तक दक्षिण आफ्रिकेच्या युद्धातून जन्मले. लेनिन यांनी १९१६ मध्ये हॉब्सनकडून बरेच घेतले, पण त्यांचे म्हणणे मक्तेदारी भांडवलशाहीच्या टप्प्याबद्दल होते. १८८० च्या आफ्रिकेवर ते जसेच्या तसे बसवणे लेनिन यांच्यावरही अन्याय आहे. या मांडणीवर नेहमीचा आक्षेप असा की ब्रिटिश भांडवल मुख्यतः अमेरिका, ऑस्ट्रेलिया, अर्जेंटिना अशा ठिकाणी गेले. नव्याने बळकावलेल्या उष्ण प्रदेशांत फारच थोडे. आक्षेप खरा आहे. मात्र इजिप्तला तो लागू होत नाही. इथे पैसा आधीच गुंतलेला होता, भरपूर होता, आणि बुडण्याच्या मार्गावर होता.

१९६१ मध्ये रोनाल्ड रॉबिन्सन आणि जॉन गॅलाघर यांनी अ‍ॅलिस डेनी यांच्या साहाय्याने लिहिलेल्या पुस्तकात बाजी उलटवली. त्यांनी मंत्र्यांची आणि खात्यांची कागदपत्रे वाचली आणि विचारले: निर्णय घेणारी ही मंडळी नेमक्या कशाची काळजी करत होती? उत्तर आले, हिंदुस्थानची वाट. इजिप्तमधली जुनी सहकारी राजवट कोसळली, तिच्या जागी विश्वासू कोणी नव्हते, म्हणून जावे लागले. पुढचा दावा अधिक धाडसी: इजिप्त गेल्याने दुखावलेल्या फ्रान्सने पश्चिम आफ्रिकेत भरपाई शोधली आणि तिथून आफ्रिकेची वाटणी सुरू झाली.

दुसरा दावा लवकरच खिळखिळा झाला. सेनेगलकडून आत घुसण्याचे फ्रेंच धोरण १८७९–८० मध्येच बदलले होते. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याचा हस्तक म्हणून स्टॅन्ली काँगोत पोहोचला होता. ट्युनिस १८८१ चे. हे सगळे तेल-अल-केबीरच्या आधीचे. दाव्यात तथ्य उरते ते थोडे, पण ते टाकाऊ नाही: फ्रेंच शोधप्रवासी ब्राझाने १८८० मध्ये काँगोकाठी केलेला तह फ्रेंच संसदेने मंजूर केला तो १८८२ च्या नोव्हेंबरात, इजिप्तची जखम ताजी असताना. शिवाय इजिप्तच्या कर्जव्यवस्थेत काही बदलायचे तर ब्रिटनला इतर सत्तांची संमती लागे, आणि जर्मनीचे बिस्मार्क ही गरज आफ्रिकेतल्या सौद्यांत वसूल करत असत.

पहिल्या दाव्यावर मोठा हल्ला ए. जी. हॉपकिन्स यांनी १९८६ मध्ये केला. मंत्र्यांच्या कागदांत कालवा खरोखर कधी येतो हे त्यांनी तपासले. बाँबवर्षावापूर्वी कालव्याला कोणी धोका दिलेला नव्हता. धोका निर्माण झाला तो ब्रिटननेच युद्ध सुरू केल्यावर. केंद्रस्थानी होते ते ब्रिटनचे आर्थिक हितसंबंध, व्यापार आणि रोखे. पी. जे. केन यांच्यासह त्यांनी पुढे याचा विस्तार केला: लंडनच्या ‘सिटी’तले, म्हणजे पेढ्यांच्या भागातले, वित्त आणि सरकारी खाती चालवणारा वर्ग एकाच शाळांतला, एकाच क्लबांतला, कट रचायची गरजच नव्हती. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यापेक्षा लंडनचा पेढीवाला सत्तेच्या जवळ होता.

इथे एक आकडा नेहमी पुढे येतो. ग्लॅडस्टन यांच्या रोजनिशीचे संपादक एच. सी. जी. मॅथ्यू यांनी दाखवले की १८८२ मध्ये त्यांच्या गुंतवणुकीपैकी सुमारे ३७ टक्के इजिप्तच्या खंडणीवर तारण असलेल्या ऑटोमन कर्जरोख्यांत होती. ताब्यानंतर भाव चढले. वाचणाऱ्याला वाटते, सापडला चोर. मी इतके पुढे जाणार नाही. स्वतःच्या रोख्यांसाठी त्यांनी सैन्य पाठवले याला कागदाचा आधार नाही, आणि तसा तो कधी मिळतही नसतो. आकडा वेगळेच सांगतो: त्या वर्गाच्या माणसाला इजिप्तचा हप्ता हा घरचा, रोजचा, सभ्य उत्पन्नाचा भाग वाटत होता. हप्ता थांबणे म्हणजे अराजक, ही व्याख्या त्यांना कोणी शिकवावी लागली नाही. ‘अधिकृत मनात’, म्हणजे मंत्री आणि अधिकारी यांच्या विचारात, काय होते हे शोधताना रॉबिन्सन-गॅलाघर यांनी लिहिलेले वाचले. न लिहिता गृहीत धरलेले राहून गेले.

या सगळ्यात इजिप्त कुठे? फार उशिरा येतो. अलेक्झांडर शोल्श यांनी १९७० च्या दशकात दाखवले की १८८२ च्या पूर्वार्धात देशात कारभार चालू होता, आणि अराजकाचे चित्र मुख्यतः जागेवरच्या अधिकाऱ्यांच्या तारांतून उभे राहिले. १९९३ मध्ये हुआन कोल यांनी शहरातले कारागीर, गिल्ड, शिकलेला मध्यमवर्ग आणि गावातले पुढारी यांची हालचाल मांडली. मग उराबीचे प्रकरण लष्करी बंड न राहता सामाजिक उलथापालथ ठरते. रॉबिन्सन यांनीही १९७२ मध्ये स्थानिक सहकाऱ्यांचा सिद्धान्त मांडून वसाहतीकडचा प्रदेश महत्त्वाचा मानला होता. पण त्यांच्या मांडणीत तिथली राजवट कोसळते, जणू आपोआप. कोणत्या भाराखाली कोसळते हा प्रश्न विचारला की आपण पुन्हा १८७६ च्या हिशेबवहीत येतो.

माझे मत इथे स्पष्ट सांगतो. वादाचा बराच भाग घड्याळ कुठे लावायचे यावर ठरतो. जुलै १८८२ पासून मोजले तर कालवा, आरमाराची अब्रू आणि आयर्लंडने चिडलेले खासदार दिसतात. १८७६ पासून मोजले तर हे सगळे शेवटच्या पानावरचे तपशील वाटतात. दोन्ही बाजू बहुतेकदा वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देत आहेत: पेच का निर्माण झाला, आणि मंत्रिमंडळ त्या आठवड्यात का हलले. पहिल्याचे उत्तर कर्ज. दुसऱ्याचे उत्तर मिश्र, आणि त्यात कालव्याने काठावरच्या मंत्र्यांची मते वळवण्याचे काम केले. पण दोन्ही उत्तरांना समान वजन देऊन ‘अनेक कारणे होती’ म्हणणे मला पटत नाही. कालव्याला धोका नसता तरी अंदाजपत्रकाचा तंटा होताच. अंदाजपत्रकाचा तंटा नसता तर कालव्याला धोका आला नसता.

निर्णयाचे टप्पे, आणि वेगळे काय करता आले असते

पहिला टप्पा मे १८७८ चा हप्ता. दुष्काळी वर्षात व्याज पुढे ढकलणे अशक्य नव्हते. दोनच वर्षांनी व्याजदर खाली आणावेच लागले. ती सवलत आधी मिळाली असती तर अर्ध्या पगारावरचे अडीच हजार अधिकारी रस्त्यावर आले नसते, आणि लष्कराला आपली ताकद कळायला वेळ लागला असता.

सर्वांत महत्त्वाचा टप्पा जानेवारी १८८२. न बांधलेल्या निम्म्या अंदाजपत्रकावर सभेला मत देऊ दिले असते तर रोखेधारकांचा एक पैसाही त्या दिवशी बुडत नव्हता. शरीफ टिकले असते. उराबी मंत्री झालाच असता असे नाही. धोका होता, तो पुढच्या वर्षांतला. नियंत्रकांनी पुढच्या वर्षांतला धोका टाळण्यासाठी त्या महिन्यातले संकट ओढवून घेतले. संयुक्त पत्र न पाठवणे हा ग्रॅनव्हिल यांच्या हातातला सर्वांत स्वस्त निर्णय होता. त्याच पत्राने मवाळांना लष्कराकडे ढकलले, हे मॅलेट यांनी स्वतः कळवलेही, पण पत्र गेल्यानंतर.

मे महिन्यातल्या आरमाराबद्दल फार लिहीत नाही. उतरवायला सैन्य नसताना जहाजे पाठवणे हा सर्वांत वाईट मधला मार्ग होता, याबद्दल दोन्ही बाजूंच्या इतिहासकारांत फारसा मतभेद नाही.

शेवटचा टप्पा सहसा दुर्लक्षित राहतो, आणि सिद्धान्त तपासायला तोच सर्वांत उपयोगी आहे. १८८७ मध्ये ब्रिटनचे दूत हेन्री ड्रमंड वुल्फ यांनी सुलतानाशी करार केला: तीन वर्षांत ब्रिटिश सैन्य जाईल, गरज पडल्यास परत येण्याचा हक्क राखून. तेव्हाचे पंतप्रधान सॉल्सबरी यांचे सरकार त्यावर सही करायला तयार होते. फ्रान्स आणि रशियाने सुलतानावर दबाव आणला, आणि त्याने मंजुरी दिली नाही. तोवर इजिप्तचे हप्ते नियमित झाले होते, १८८५ चे नवे नव्वद लाखांचे कर्ज युरोपीय सत्तांच्या हमीवर उभे होते. रोखेधारकांना सैनिकांची गरज पूर्वीइतकी राहिली नव्हती, आणि नेमकी तेव्हाच लंडनने निघण्याची तयारी दाखवली. सुरक्षावादी मांडणीत हा करार अपवाद ठरतो, कारण कालवा तर १८८७ मध्येही तिथेच होता. १८८९ नंतर मात्र सॉल्सबरी यांनी निघण्याचा विचार सोडला आणि नाईलचे खोरे राखायचे ठरवले. तिथून पुढे, १८९८ मध्ये वरच्या नाईलवर फाशोदा इथे फ्रान्सशी झालेल्या पेचापर्यंत, रॉबिन्सन-गॅलाघर यांचे म्हणणे चांगले लागू पडते. त्यांची चूक असेल तर ती एवढीच की १८८९ चे मन त्यांनी १८८२ च्या माणसांच्या डोक्यात वाचले.